पिंपात काळी दिसणारी बिअर पेल्यात तांबूस का होते? गडद रंगासाठी कोणते माल्ट, किती आणि केव्हा घालावे?

शहापूर_बेळगाव

सर्वांना नमस्कार. मी बेळगावच्या शहापुरात राहतो आणि एका परवानाधारक लहान ब्रुअरीत दोन वर्षांपासून सहायक म्हणून काम करतो. कर्नाटकात घरी बिअर आंबवायची तर अबकारी परवाना लागतो, म्हणून खाली सांगितलेले सर्व प्रयोग मी ब्रुअरीतच, मालकांच्या संमतीने, २० लिटरच्या घरगुती ब्रुइंग संचावर केले आहेत. घरी मी फक्त धान्य पाण्यात भिजवून त्याचा रंग कसा उतरतो एवढेच पाहतो.

मला स्टाउटच्या (भाजक्या चवीच्या काळ्या बिअरच्या) जवळ जाणारी, काळसर रंगाची पण चवीला सौम्य बिअर करायची आहे. पहिल्या वेळी मी पेल माल्ट (मोड आणून वाळवलेला फिका सातू) ४ किलो, ६० लोविबाँडचे (हे धान्याच्या रंगाचे माप; आकडा मोठा तितका रंग गडद) क्रिस्टल माल्ट ५०० ग्रॅम आणि चॉकलेटच्या रंगावर भाजलेले चॉकलेट माल्ट ५० ग्रॅम घेतले. आंबवण्याच्या पिंपात ती काळीभोर दिसत होती, त्यामुळे मी समाधानी होतो. पण पेल्यात ओतली तेव्हा ती टपरीवरच्या कोऱ्या चहासारखी तांबूस निघाली. दुसऱ्या वेळी क्रिस्टल दुप्पट, म्हणजे १ किलो केले. रंग किंचित वाढला, पण बिअर गुळचट झाली आणि आधी १.०१४ वर येऊन थांबलेली घनता (साखर आंबत जाते तशी ती उतरते) या वेळी १.०२२ च्या खाली उतरलीच नाही. तिसऱ्या वेळी क्रिस्टल पुन्हा ५०० ग्रॅमवर आणले आणि ५०० लोविबाँडचे ब्लॅक माल्ट ६०० ग्रॅम सरळ मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या भरड माल्टमध्ये) घातले. रंग हवा तसा काळा आला, परंतु चव राखेसारखी, टोचणारी आणि जिभेला कोरडी पाडणारी झाली. तिन्ही वेळा पाणी आरओचे होते.

आता माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. चव न बिघडवता रंग आणायचा असेल तर कोणते धान्य किती प्रमाणात आणि कोणत्या टप्प्यावर घालावे? आणि बाहेरून मागवलेले भाजके माल्ट फार महाग पडत असल्यामुळे, आपल्या भागातल्या चुरमुऱ्यांच्या भट्टीवर सातू भाजून घेणे शक्य आहे का?

निपाणीकर_ब्रुअर

आपण तिन्ही वेळची वजने नीट लिहून ठेवली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

पहिली गोष्ट पिंपाची. बिअरचा रंग तिच्यातून प्रकाशाला किती अंतर कापावे लागते यावर ठरतो. पिंपात ते अंतर फूटभर असते आणि वर तरंगणारे यीस्टही प्रकाश अडवते. पेल्यात ते चार बोटांचे असते. म्हणून पिंपाकडे पाहून रंगाचा निर्णय कधीही करू नये. नमुना गाळून नेहमीच्याच एका पेल्यात घ्यावा आणि पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात पाहावा. आंबण्याच्या काळात यीस्ट थोडा रंग स्वतःकडे ओढून घेते, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट हिशोबाची. प्रत्येक धान्याचे किलोतील वजन त्याच्या लोविबाँड अंशाने गुणावे, सर्वांची बेरीज करावी, तिला ८.३४५ ने गुणून बिअरच्या लिटरने भागावे. येणाऱ्या संख्येचा ०.६८५९ हा घात काढून त्याला १.४९२२ ने गुणले की एसआरएम एककातला अंदाजे रंग मिळतो. याला मोरे यांचे सूत्र म्हणतात. युरोपीय ईबीसी मापात उत्तर हवे असेल तर त्याला १.९७ ने गुणावे.

आता आपले आकडे या सूत्रात घालून पाहू. पेल माल्ट २ लोविबाँड आणि चॉकलेट ३५० लोविबाँड धरले तर पहिल्या बिअरचा रंग सुमारे १३ एसआरएम येतो, म्हणजे तांब्यासारखा. आपल्याला पेल्यात नेमके तेच दिसले. क्रिस्टल दुप्पट केल्यावर तो फक्त १७ पर्यंत पोहोचतो. अर्धा किलो महाग धान्य वाढवून चार अंकांची वाढ झाली आणि सोबत न आंबणारी साखर पदरात पडली, कारण क्रिस्टल माल्ट तयार करताना ओला दाणा शिजवून, त्यातल्या स्टार्चची आतल्या आतच साखर करून मग भाजलेला असतो आणि त्या साखरेचा काही भाग यीस्टला खाता येत नाही. तिसऱ्या बिअरचा रंग ४६ च्या आसपास निघतो. साधारण ४० च्या पुढे पेल्यातला फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही, म्हणजेच तिथून पुढचे ब्लॅक माल्ट रंगाला उपयोगी न पडता केवळ चवीत उतरले.

क्रिस्टल माल्टकडे रंगाचे साधन म्हणून पाहणे सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते गोडवा आणि भरीवपणा यांसाठी आहे. रंग हा अतिशय गडद धान्याच्या अतिशय थोड्या प्रमाणातून आणावा. या धंद्याला हे दोनशे वर्षांपूर्वीच शिकावे लागले. इंग्लंडमधील पोर्टर ही गडद बिअर पूर्वी तपकिरी माल्टपासून करीत असत. घनतामापक हाती आल्यावर पेल माल्टमधून कितीतरी जास्त साखर मिळते हे ब्रुअरांच्या लक्षात आले आणि ते पेलकडे वळले, पण त्यामुळे रंग गेला. रंगासाठी जळक्या साखरेचा वापर कायद्याने काही वर्षे चालू दिला आणि १८१६ मध्ये बंद केला. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने फिरत्या पिंपात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तेव्हापासून ताकद पेल माल्टची आणि रंग मूठभर काळ्या माल्टचा, अशी वाटणी रूढ झाली.

आपल्यासाठी मी असे सुचवीन: पेल ४ किलो, क्रिस्टल २५० ग्रॅम, चॉकलेट १५० ग्रॅम आणि ब्लॅक २०० ग्रॅम. रंग २८ च्या जवळ येईल. समोरून काळसर आणि उजेडासमोर धरल्यावर कडेला माणकासारखी लाल, अशी ती दिसेल. तेवढ्याने समाधान झाले नाही तर पुढच्या वेळी ब्लॅक ३०० ग्रॅम करावे, म्हणजे ३४ गाठता येईल. शक्य असल्यास ब्लॅकच्या जागी टरफल काढून भाजलेले माल्ट घ्यावे. जर्मनीतील बांबेर्ग येथील वायरमन कंपनी ते काराफा स्पेशल या नावाने विकते. जळकी चव बरीचशी टरफलातून येते, त्यामुळे ते काढलेले असले की रंग तसाच राहून चव पुष्कळ मऊ होते.

चिकोडीच्या_बाई

मी चिकोडीत रसायनशास्त्र शिकवते. ब्रुअरीत काम केलेले नाही, पण माझा भाऊ या व्यवसायात असल्यामुळे पाण्याचे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. निपाणीकर दादांनी प्रमाणाचा हिशोब अचूक मांडला आहे. तिसऱ्या बिअरमधील टोचणाऱ्या चवीला मात्र प्रमाणाइतकेच पाणीही कारणीभूत आहे, असे मला वाटते.

आपण बेळगावचे आहात, म्हणून कुंद्याचे उदाहरण देते. दूध आटवून, मंद आचेवर खमंग परतत नेले की त्यातील साखर आणि प्रथिने यांची आपसात अभिक्रिया होऊन कुंद्याचा तो तपकिरी रंग आणि खमंगपणा तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले. माल्टच्या दाण्यातही हेच घडते. दाणा मंद तापमानावर भाजला की बिस्किटासारखा, आणखी भाजला की कोकोसारखा, आणि २२० अंश सेल्सियसच्या आसपास नेला की कोळशाकडे झुकणारा होतो. या प्रवासात रंगद्रव्यांबरोबर आम्लेही तयार होतात, आणि म्हणूनच काळे माल्ट मॅशमध्ये पडताच तिचा पीएच खाली येतो, म्हणजे ती जास्त आम्ल होते.

साध्या पाण्यात असलेले बायकार्बोनेट हे आम्ल शोषून घेते. डब्लिन, लंडन आणि म्युनिक ही गडद बिअरची जुनी शहरे आहेत, आणि तिन्ही ठिकाणचे पाणी बायकार्बोनेटयुक्त आहे, यामागे हेच कारण आहे. आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ उरतच नाही. त्यात ६०० ग्रॅम ब्लॅक माल्ट पडले म्हणजे पीएच ५.२ च्याही खाली गेला असण्याची शक्यता आहे, आणि गडद बिअर अशा आम्लतेत आंबट व बोचरी लागते. गडद मॅशचा पीएच ५.४ ते ५.६ असावा आणि तो नमुना थंड करून मोजावा.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे खाण्याचा सोडा. २० लिटर पाण्यात १ ग्रॅम सोडा घातल्यास दर लिटरमागे सुमारे ३६ मिलिग्रॅम बायकार्बोनेट आणि १४ मिलिग्रॅम सोडियम वाढते. मॅशमध्ये काळे धान्य मिसळून पीएच मोजल्यानंतरच, ग्रॅम-ग्रॅम करून सोडा घालावा; अंदाजाने चमचाभर टाकला तर पीएच ६ च्या वर जाऊन टरफलातील टॅनिन सुटते आणि जीभ पुन्हा कोरडी पडते. बोअरचे पाणी वापरण्याचा विचार असेल तर ते आधी तपासून घ्यावे. अथणी-रायबागकडील काळ्या जमिनीतले पाणी आणि खानापूरकडील जांभ्या दगडातले पाणी यांत फार अंतर असते, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. काळी धान्ये मॅशमध्ये घालूच नयेत. ती जाडसर भरडून, उकळून थंड केलेल्या पाण्यात चौपट प्रमाणात रात्रभर भिजवावीत, सकाळी गाळून तो काढा वर्ट (मॅशमधून गाळलेला गोड रस) उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत ओतावा. थंड पाण्यात रंग बऱ्यापैकी उतरतो आणि तुरटपणा मागे राहतो. रंग गरम पद्धतीपेक्षा काहीसा कमी येतो, म्हणून धान्य थोडे वाढवून घ्यावे. मार्च ते मे या महिन्यांत हे भांडे फ्रिजमध्येच ठेवावे, नाहीतर दाण्यांवरचे जिवाणू पाणी रात्रीत आंबवतात. या पद्धतीत मॅश फिकी राहत असल्यामुळे सोड्याची गरज नसते; मात्र आरओच्या पाण्यात कॅल्शियमही नसते, ते कॅल्शियम क्लोराइड घालून लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत आणावे.

निपाणीकर_ब्रुअर

बाईंचे पाण्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. थंड काढ्याबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. पोर्टर किंवा फिकट चवीच्या काळ्या लागरसाठी (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरसाठी) तो उत्तम आहे, पण स्टाउटमध्ये कॉफीची जी धार हवी असते ती थंड काढ्यातून पुरेशी येत नाही आणि बिअर दिसायला काळी, चवीला रिकामी अशी वाटते. मी स्वतः काळे माल्ट मॅश संपताना, धान्य धुण्याच्या पंधरा मिनिटे आधी, वरच्या थरावर पसरतो. तोपर्यंत स्टार्चचे साखरेत रूपांतर झालेले असते, त्यामुळे पीएच उतरला तरी एन्झाइमांच्या कामात अडथळा येत नाही, आणि धुण्याचे पाणी ७५ अंशांच्या वर जाऊ दिले नाही तर तुरटपणाही येत नाही. शहापूरच्या मित्राला सौम्य चव हवी आहे, म्हणून या वेळी त्यांनी बाईंचीच पद्धत घ्यावी. पुढे स्टाउट करताना माझी करून पाहावी.

कोणीतरी काकवी किंवा काळा गूळ घालण्याचा सल्ला देईल, म्हणून आधीच सांगतो. आपल्या भागात गुऱ्हाळे भरपूर आहेत आणि काकवीची चव मलाही प्रिय आहे, पण ती जवळजवळ सगळी आंबून जाते, बिअरला पातळ करते, आणि तिचा रंग प्रत्येक घाणीला वेगळा असतो. चवीसाठी ती जरूर वापरावी, रंगासाठी तिच्यावर विसंबू नये.

अनगोळ_भट्टीवाले

भट्टीचा प्रश्न आमच्या घरचा आहे. चुरमुरे आणि फुटाणे भाजण्याचा आमचा व्यवसाय आजोबांपासून चालू आहे, आणि गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांसाठी आम्ही सातू भाजून दिला होता. त्या अनुभवावरून लिहितो.

चुरमुऱ्यांची भट्टी या कामाला जशीच्या तशी चालत नाही. तिथे वाळू अतिशय तापलेली असते आणि दाणा काही क्षणांत फुलवून बाहेर काढायचा असतो. सातूला आतपर्यंत सारखा रंग हवा असतो, आणि तो मंद आचेवर, वेळ देऊनच येतो. तापलेल्या वाळूत टाकलेला सातू बाहेरून काळा आणि आतून पांढरा राहिला. फोडून पाहिल्यावर हे लगेच कळते. शिवाय वाळूचे बारीक कण टरफलाच्या खाचेत अडकतात आणि चाळूनही पूर्ण निघत नाहीत. म्हणून आम्ही वाळूशिवाय, जाड लोखंडी कढईत, दीड-दोन किलोच्या घाणीने, लाकडी उलथन्याने एकसारखे हलवत भाजले. सुरुवातीला भाकरीचा वास येतो, मग शेंगदाणे भाजल्यासारखा, मग कॉफीसारखा. कॉफीचा वास आला की आच पूर्ण काढून घ्यावी, कारण दाणा कढईतून उतरवल्यानंतरही आतल्या उष्णतेने काळा होत राहतो. आम्ही तो ताबडतोब ओल्या गोणपाटावर पातळ पसरून सुपाने वारा घातला. मोठ्या कारखान्यांत अशा वेळी दाण्यांवर पाण्याचा फवारा मारतात, असे त्या गृहस्थांनी सांगितले.

चॉकलेट माल्टच्या रंगापर्यंत भट्टीवर पोहोचता येते. त्यापुढे पूर्ण काळे करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण त्या टप्प्यावर धूर दाटतो आणि दाणा पेट घेऊ शकतो. भाजलेला माल ताजा वापरू नये. तो कागदी पिशवीत दोन आठवडे ठेवला की घशाला लागणारा जळका वास निघून जातो.

शहापूर_बेळगाव

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाईंच्या कुंद्याच्या उदाहरणामुळे, इतके दिवस नुसते पाठ केलेले मला प्रथमच समजले.

निपाणीकर दादांनी दिलेल्या प्रमाणात काळे माल्ट थोडे वाढवून, म्हणजे चॉकलेट १८० आणि ब्लॅक २४० ग्रॅम घेऊन, मी ते रात्रभर फ्रिजमध्ये भिजवले आणि काढा वर्टमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत घातला. आजचा सतरावा दिवस आहे. बिअर १.०१४ वर थांबली आहे, राखेची चव अजिबात नाही आणि पेल्यात ती गडद तपकिरी, कडेला लाल दिसते. मालकांनाही ती आवडली. मात्र मला रंग अजून एक छटा गडद हवा आहे. बिअर तयार झालेली असताना तो आता वाढवता येईल का? आणि भट्टीवाल्या काकांना विचारायचे आहे की खानापूरकडची नाचणी मोड आणून, भाजून याच कामाला वापरता येईल का?

निपाणीकर_ब्रुअर

होय, वाढवता येईल. पुन्हा २४० ग्रॅमचा हिशोब करू नये. फक्त ५० ग्रॅम ब्लॅक माल्ट २०० मिलिलिटर थंड पाण्यात भिजवून, कापडातून दोनदा गाळून, तो काढा दहा मिनिटे उकळून झाकणासह थंड करावा. मग १०० मिलिलिटर बिअरमध्ये तो इंजेक्शनच्या सिरिंजने अर्धा-अर्धा मिलिलिटर मिसळत जावे आणि प्रत्येक वेळी रंगाबरोबर चवही पाहावी. जे प्रमाण आवडेल त्याला बिअरच्या लिटरने आणि मग १० ने गुणून पूर्ण पिंपाचे माप काढावे. ओतताना खळबळ होऊ देऊ नये, कारण आंबून झालेल्या बिअरला हवा लागणे रंगाच्या कमतरतेपेक्षा जास्त नुकसान करते. काराफापासून केलेला असाच तयार द्रव सिनामार या नावाने मिळतो, पण एवढ्याशा कामासाठी तो मागवण्याची गरज नाही.

अनगोळ_भट्टीवाले

नाचणी आम्ही मोड आणून, वाळवून भाजली आहे. सत्त्वासाठी ती नेहमीच भाजतो. दाणा बारीक असल्यामुळे कढईत फार लवकर जळतो, म्हणून आच निम्मी ठेवावी लागते. वरून तिचा लालसर रंग दिसतो, त्यावरून ती पाण्यालाही तसाच गडद रंग देईल असे वाटते, पण तो सालीचा रंग आहे आणि भिजवल्यावर फारसा उतरत नाही. उलट सालीचा तुरटपणा उतरतो. थोडी नाचणी चवीला छान लागते. काळ्या रंगासाठी मात्र सातूच घ्यावा. पुढच्या आठवड्यात भट्टी दुपारनंतर मोकळी असते. मालकांची परवानगी असेल तर ५ किलो मोड आणलेला, वाळवलेला सातू घेऊन यावे, आपण तीन वेगवेगळ्या रंगांवर भाजून पाहू.